फुलांना चाललेली गोळी

वळणावरच्या काचेच्या भिंतींच्या दुकानात मावशी बावीस वर्षं फुलं विकत होती. सगळा रस्ता तिला मावशीच म्हणायचा. खरी भाची मात्र एकच, धाकट्या बहिणीची सात वर्षांची चिमणी. बहीण दिवसभर कारखान्यात शिवणयंत्रावर, म्हणून शाळा सुटली की चिमणी दुकानात यायची. बादल्यांच्या ओळीत, देठांच्या ओल्या वासात गृहपाठ करता करता तिचा डोळा लागायचा. मावशीला वाटायचं, हिलाही आपणच सकाळी पाण्यात ठेवलं आहे.

गिऱ्हाइकं म्हणायची, मावशीची फुलं लग्नापेक्षा जास्त टिकतात. त्यात जादू काही नव्हती. रोज सकाळी ती प्रत्येक बादलीत अ‍ॅस्पिरिनची एक गोळी चुरून टाकायची. मान टाकलेले गुलाब दुपारपर्यंत ताठ व्हायचे. निदान तिचा तसा विश्वास होता.

त्या हिवाळ्यात शाळेत फ्लूची साथ आली आणि चिमणी तापली. मावशीने तिला दुकानामागच्या खोलीत निजवलं, त्याच डबीतली अर्धी गोळी मधात कालवून चाटवली. घाम सुटला, ताप उतरला. तीन दिवस तिने हेच केलं. बहिणीला सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही. फुलांना मानवतं ते या एवढ्याशा जिवाला का नाही मानवणार?

पाचव्या दिवशी चिमणी उठून बसली, हसली. दुपारी उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मग ती पेंगायला लागली. काचेतून आलेलं ऊन तिच्या कपाळावर पाण्यासारखं हलत होतं. मावशीकडे बघत ती परक्यासारखी म्हणाली, "बाई, मला घरी पोचवता का?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तापात काय दिलं होतं? काही नाही, नुसता आराम, बहीण म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं. मावशी गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"अ‍ॅस्पिरिन दिली," ती म्हणाली. "मीच दिली. तीन दिवस."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना ही गोळी दिली तर क्वचित असं होतं, त्यांनी सांगितलं. मेंदूला सूज येते, यकृत बिघडतं. सांगितलंत ते बरं झालं, आता नेमकं काय शोधायचं ते कळलं. चिमणीला आत नेलं. बहीण भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, तू जा इथून."

मावशी बाहेरच्या बाकापर्यंतच गेली. चार दिवस ती तिथेच होती. माणसं तिच्यासमोरून तळ्याच्या तळाशी चालल्यासारखी, आवाज न करता जायची. बहीणही जायची, न बघता.

पाचव्या सकाळी चिमणीने आईला हाक मारली. नंतर, मावशी कुठंय म्हणून विचारलं. बहीण दारात आली. तिच्या केसांना चार दिवस फणी लागली नव्हती.

"मी आंघोळ करून येते. तू बस तिच्याजवळ," ती म्हणाली. "नर्स औषध ठेवून गेलीय. दहा वाजता तूच दे."

मावशीने बाटलीवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग नर्सला बोलावून तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि चमचा भरला.