मामांची जीप आणि माझी चार मिनिटं

मामांनी एक तास चाळीस मिनिटं खपून कातळावर चढवलेली जीप मी केबल टीव्हीवर चार मिनिटांत चढवून दाखवली. ही चूक माझी आहे. एडिटिंगच्या मशीनवर त्या वेळी दुसरं कोणी बसलेलं नव्हतं, नाहीतर मी त्याचं नाव घ्यायला कमी केलं नसतं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहणार मढ, धंदा जीपचा. सह्याद्री उभा राहिला तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या अंगाखांद्यावर मामांइतका संथ जीव वावरला नाही, असं माझं ठाम मत आहे. कातळावरचं शेवाळसुद्धा त्यांच्या आधी माथ्यावर पोचत असे. नव्वदीच्या दशकात जुन्नर ते मढ अशी त्यांची जीप चाले. इतर ड्रायव्हरांच्या चार फेऱ्या होत, तेव्हा मामा पहिल्या फेरीसाठी तोंड धुवत असत. खिंडीच्या अलीकडे त्यांनी सुरू केलेलं वाक्य खिंडीच्या पलीकडे पूर्ण होई, आणि मधल्या स्टॉपला उतरलेल्या माणसाला मामांना नेमकं काय म्हणायचं होतं ते कधीच कळत नसे. एका गुरुजींनी जुन्नर सोडताना सातवीचे पेपर तपासायला घेतले, मढला उतरताना निकाल तयार होता. लोकांनी त्यांच्या जीपचं नाव 'मुक्कामी गाडी' ठेवलं होतं. जीप दिसली की पारावरून कोणीतरी हमखास ओरडे, "मामा, अंथरून-पांघरून घिऊन बसू का?" मामा हसून हात वर करत. तो हात वर जाईपर्यंत ओरडणारा घरी गेलेला असे.

मढच्या पुढे वाड्यांकडे जायला तेव्हा रस्ता नव्हता, नुसते दगड होते. तिथे मामा खाली उतरत. दगडाला तळहात लावत, जसा वैद्य कपाळाला लावतो. मग परत येऊन उतारूंना समजावून सांगत, "ह्यो बसका हाय, ह्याचं काय न्हाई. पर त्यो पल्याडला लबाड हाय. त्याला तोंडावर घ्यायचं न्हाई, बगलंतनं घ्यायचं." मग जीप त्या लबाडाच्या बगलेतून अशी वर जाई की मांडीवरच्या कोंबडीची झोपसुद्धा मोडत नसे. म्हणूनच एरवी मुक्कामी गाडी म्हणून हसणारे लोक, घरातल्या अवघडलेल्या बाईला जुन्नरला न्यायची वेळ आली की दुसऱ्या कुठल्या जीपकडे बघत नसत. काम झालं की पुन्हा हसायला मोकळे.

माझ्या लग्नात मला मंचरहून मढला आणायची जबाबदारी मामांनी हौसेनं घेतली होती. मुहूर्त टळला तेव्हा आम्ही जुन्नरच्या अलीकडे होतो. भटजींनी दुसरा मुहूर्त काढला, तो आम्ही खिंडीत असताना टळला. मी घामाघूम होऊन म्हणालो, "मामा, जरा दाबा की." मामा म्हणाले, "पावणं, नवरी काय पळून जाती व्हय?" आम्ही पोचलो तेव्हा मांडवात जेवणाच्या पंगती उठून पानसुपारी चालली होती, आणि नवरी पळाली नव्हती, झोपली होती.

मंचरला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये पंचक्रोशीत माझं नाव होतं, ते चांगलं का वाईट हे गिऱ्हाइकावर अवलंबून असे. एकदा मामा दुकानात आले तेव्हा टीव्हीवर कुठलंसं परदेशी चॅनल लागलं होतं. हेल्मेट घातलेले गोरे लोक घराएवढाल्या दगडांवर जीप चढवत होते. इंचाइंचानं. भोवती हजारभर माणसं जमलेली, आणि जीप वीतभर सरकली की टाळ्या. मामा चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले. चहावर साय धरली.

"ह्यांना टाळ्या वाजिवत्यात?"

"हो."

"हळू जायाला?"

"हो मामा. तिकडे मोठी स्पर्धा असते याची."

मामा खाली बसले. बोटानं साय बाजूला सारून म्हणाले, "पंचवीस वर्सं मी ह्येच करतोय, पावणं. मला मातर मुक्कामी गाडी म्हणत्यात."

मामांच्या तोंडून तक्रार मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आणि त्या दिवशी ते मढला नेहमीपेक्षा लवकर पोचले, असं मामींनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, ब्रेक निकामी झाला.

मामांनी यात्रा कमिटीपुढे मागणी ठेवली, की यात्रेत जीपची कातळचढाई ठेवा. अध्यक्ष गाडा-शर्यतीतला मुरलेला माणूस. ते म्हणाले, "मामा, आपली लोकं बैलगाडा बघणारी. मनात वीस मोजायच्या आत बारी संपती. तुमचं कवा संपायचं?"

"तासाभरात. दीड तास धरा."

"तंवर लोकांनी काय करायचं?"

"बघायचं."

कमिटीत हशा पिकला. पण याच अध्यक्षांच्या सुनेला मामांनीच वेळेवर दवाखान्यात पोचवलेलं. वेळेवर म्हणजे सुखरूप. त्यामुळे एवढं ठरलं, की यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी, गावामागच्या कातळावर चढाई होईल. लोक थांबले तर दर साली ठेवू. लोक उठून गेले तर हा विषय मामांनी जन्मात परत काढायचा नाही. मामा "बरं" म्हणाले. म्हणजे बैठक संपून सगळे उठल्यावर म्हणाले.

आता लोकांना बसवून कसं ठेवायचं? करमणुकीतला जाणकार म्हणून मला मढला बोलावणं आलं. मी जीपला मुंडावळ्या बांधाव्यात, बँड लावावा, दगडांमागून धूर सोडावा आणि माथ्यावर पोचल्यावर ड्रायव्हरवर यंत्रानं गुलाबपाकळ्या उधळाव्यात, अशी योजना मांडली. मामा ऐकत राहिले. चुलीपाशी बसलेल्या मामी मात्र वळून म्हणाल्या, "त्याच कातळावरनं आमी बाया रोज भरला हंडा डोईवर घिऊन उतारतो. आमाला कुनी टाळ्या वाजिवल्या न्हाईत. जीपच्या तोंडाला बांबू बांधा, त्याला भरला हंडा टांगा. ज्याचं पानी कमी सांडंल त्यो खरा. धूर कशाला पायजे?"

मी धुराची योजना मुकाट्यानं खिशात घातली.

तीन जीप उतरल्या. एक ओतूरची, एक निमगाव सावाची आणि मामांची. पुकारायला बैलगाडा घाटातला नावाजलेला पुकारणारा आणला होता, ज्याचा आवाज कर्ण्याशिवाय दोन गावं ओलांडतो. ओतूरच्या पोरानं जीप अशी उसळवली की पहिल्याच दगडाला हंडा सुटला आणि गडगडत थेट अध्यक्षांच्या पायाशी आला, सत्काराला आल्यासारखा. निमगाव सावाचा ड्रायव्हर अर्ध्यावर अडकला. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, उतरून हंड्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि हात जोडले.

मग मी कॅमेरा चालू केला आणि मामा निघाले. म्हणजे उतरले. एकेका दगडाला हात लावत माथ्यापर्यंत जाऊन परत आले. पुकारणाऱ्यानं सवयीनं "झाली झाली झाली, उचलली गाडी!" अशी आरोळी ठोकली, आणि पुढे काय बोलावं हे त्याला कळेना, कारण गाडी अजून उचलतच होती. "उचलली... उचलतायत मंडळी... अजून उचलतायत..." त्याच्याकडचे शब्द मनात वीस मोजेपर्यंत पुरतील एवढेच होते. ते संपल्यावर त्यानं देणगीदारांची नावं घेतली, मग हरवलेल्या चपलेची सूचना दिली, मग स्वतःच्या लग्नाची हकीकत सुरू केली. तेव्हा बायकांमधून एक म्हातारी खेकसली, "गप ए भाड्या! हंडा बघू दे!"

आणि खरंच, सगळे हंडा बघत होते. काठोकाठ भरलेला हंडा, त्याच्या काठावर थरथरणारं पाणी, आणि खाली अंगुळभर सरकणारं चाक. पाणी डोक्यावरून वाहणाऱ्या बायांना तर हा खेळ जन्मापासून ठाऊक. "दादा, डावं अंग सांभाळ!" "दम धर, दम धर!" "आता घे!" पुरुष त्यांना विचारू लागले, आता काय हुईल? भेळवाल्याचा हात पातेल्यात तसाच राहिला. लंगोट कसून आलेले पैलवान कुस्त्या विसरून उकिडवे बसले. शेवटच्या दगडावर जीपचं एक चाक हवेत राहिलं. दहा मिनिटं तसंच. मामा आत बसून कशाची वाट बघत होते देव जाणे. मग ते चाक खाली आलं, मांजरानं पाय टेकावा तसं.

हंडा जेमतेम चार बोटं उणा होता. गाव उठून नाचलं. मामी तेवढ्या शांतपणे वर चढून गेल्या, हंड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "भरलेला हाय." पुकारणाऱ्याचा आवाज बसला होता, त्यानं नुसता फेटा उडवला.

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "पावणं, फुडल्या साली धा जीपा आणू. पर आधी ह्ये मंचर-जुन्नरच्या लोकांनी बघाया पायजे. केबलवर लावा." मामा घाम पुसत माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "नीट दाखवा, राव."

मी नीटच दाखवणार होतो. पण मी लग्नातला माणूस. माझा अनुभव असा, की अख्खं लग्न कोणी बघत नाही, जो तो स्वतःचा चेहरा कुठे दिसतो तेवढं बघतो. एक तास चाळीस मिनिटं एक जीप कोण बघणार? मामांची फजिती होईल या काळजीपोटी मी टेप पळवली. पळवल्यावर ती जरा कोरडी वाटली, म्हणून लग्नाच्या व्हिडिओत टाकतो तसा बदाम टाकला. बदामातून मामा आले. माथ्यावर कमळ उमललं आणि कमळातून जीप आली. हवेतल्या चाकाला मी 'टुईंग' असा आवाज दिला, ज्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

माझ्या कारकिर्दीत इतकं गाजलेलं दुसरं काही नाही. मंचरच्या मार्केटात हमाल कांद्याच्या गोण्यांवर 'टुईंग' करत उड्या मारू लागले. हंडा हिवताप भरल्यासारखा थडथडताना बघून लोक लोळले. केबलवाल्याला फोनवर फोन, "ती उंदरावानी पळणारी जीप परत लावा." मी मढला निरोप धाडला, की मामा, तुम्ही हिट झालात.

पुढच्या यात्रेला मंचरहून टेम्पो भरभरून माणसं आली. मामांनी जीप दगडाला लावली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून आरोळ्या सुरू झाल्या, "पळवा! पळवा!" एक जण तर माझ्याच खांद्यावर चापट मारून म्हणाला, "टीव्हीवर तं कशी भुर्रकन गेली व्हती! आज डिझेल संपलं का काय?" अर्ध्या तासात कातळासमोर गावातल्या बाया, बसक्या आवाजाचा पुकारणारा आणि मी, एवढेच उरलो. मामांनी चढाई अर्ध्यावर सोडली नाही. चाक टेकलं, हंडा भरलेला होता. अध्यक्ष शब्दाला पक्के, आणि मामाही. तो विषय परत निघाला नाही. दहा जीप आल्या नाहीत.

मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांना राग यायलाही वेळ लागत असणार, या अंदाजानं मी पुढची दोन वर्षं मढला जायचं टाळलं. राग आला नाही. वाड्यांकडे डांबरी रस्ता आला, दगड फोडून त्याचीच खडी झाली, आणि गुडघे धरल्यावर मामांनी जीप दारात उभी केली ती कायमची. मुक्कामी गाडी म्हणून ओरडायलाही पारावर कोणी राहिलं नाही.

मग एकदा दुकान आवरताना मूळ कॅसेट सापडली. हात न लावलेली. मी व्हीसीआर काखोटीला मारला आणि दुपारच्या वेळी मढला जाऊन पोचलो. दार उघडं होतं. निवडण-टिपण घेऊन शेजारच्या बाया आल्या, उंबऱ्यापर्यंत माणसं बसली. मी बटण दाबलं आणि रिमोट मुद्दाम लांब, फडताळावर ठेवून दिला.

एक तास चाळीस मिनिटं. कोणी उठलं नाही. सुपांचे आवाज कधी थांबले ते कळलंही नाही. मामा भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांचा उजवा पाय सारवलेल्या जमिनीवर मधूनमधून हलकेच दाबला जात होता. शेवटचा दगड आला. चाक हवेत. मामांनी तळहात किंचित उचलला, म्हणाले, "आता," आणि पडद्यावरचं चाक खाली टेकलं.

टेप संपली. पडद्यावर मुंग्या आल्या तरी सगळे तिकडेच बघत होते. मामांनी डोळ्यांवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर मला दोन बरे शब्द ऐकायला मिळतील अशी आशा होती. मामींनी सूप उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येवढं ग्वाड आलं व्हतं, पावणं, तर मग त्याला हात कशाला लावला वो?"