भरतीत उभा राहिलेला इस्योंग

सिकीहोर बेटावरच्या लाबुयोन गावात इस्योंगला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तो आपणहून काही बोलल्याचं आठवतं असाही कुणी नव्हता. चाळीस वर्षं तो जमीन मोजणाऱ्या साहेबांच्या हाताखाली टेपचं दुसरं टोक धरत आला होता. पहिलं टोक साहेबांकडे, बोलणंही साहेबांकडे. कुणाचा हद्दीचा दगड डुकरांच्या खोपटाखाली गेलाय, कुणी तो हळूच दोन हात सरकवलाय, सगळं त्याला पाठ. पण कुणी विचारलंच तर टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "साहेबांना विचारा."

त्याची बायको लुमेन बाजारात सुकी मासळी विकायची आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची.

त्या एप्रिलात रोमुआल्दो नावाचा जमिनीचा दलाल गावात आला. गिऱ्हाईक होती हानेके. हॉलंडची बाई, एकसष्ट वर्षांची. जन्मभर पाव भाजून थकली, बेकरी विकून इकडे आली आणि आठ महिने सेपा नावाच्या घरमालकिणीच्या माडीवर भाड्याने राहत होती. मासळीवाल्यांकडून तिथली बोली तोडकीमोडकी उचलली होती, त्यामुळे शिव्या आधी आल्या होत्या आणि व्याकरण यायचं होतं. गाव तिला नांग हाने म्हणायचं. नांग म्हणजे थोरली बहीण, तसं नोंग म्हणजे थोरला भाऊ. तिला एकच वेड: समुद्राला लागून आपली जागा हवी. तिने आधी सेपाकडेच तिची किनाऱ्यावरची माडांची वाडी विकत मागितली होती. सेपा म्हणाली होती, "माझ्या बापाची जमीन आहे. विकणार नाही. पुन्हा विचारलंस तर माडीचं भाडं वाढवीन."

म्हणून हा रोमुआल्दो. त्याने इस्योंगला एका दिवसाच्या रोजावर बोलावलं. नकाशा, टेप आणि चार लाल निशाणं दिली. "नोंग, सकाळी आठला चार कोपऱ्यांवर निशाणं लाव. बाई बघेल, नऊला आम्ही शहरात जाऊन सह्या करू. तू काही बोलू नकोस."

न बोलण्याची ताकीद इस्योंगला देणं म्हणजे मीठ खारट हो असं मिठाला बजावण्यासारखं होतं.

सकाळी आठला अजून ओहोटी होती. समुद्र पार लांब गेलेला, मागे ओलं समुद्रगवत आणि खेकडे. नकाशाप्रमाणे इस्योंग पावलं टाकत गेला. दोन निशाणं वाळूत लागली. तिसरं गवतात. चौथ्यासाठी तो चालतोय, चालतोय, आणि एकदम थांबला. पायाखाली ससोन कोळ्याच्या होडीचा नांगर रुतवायचा दगड होता. इथे भरतीला माणूस छातीपर्यंत बुडतो.

मागून रोमुआल्दो आणि हानेके आले. रोमुआल्दो हात पसरून म्हणाला, "बाई, इथे तुमचा व्हरांडा!"

हानेके लहान पोरीसारखी गोल फिरली. "आणि कागद माझ्या नावावर?"

"माझ्या भाचीच्या नावावर. नुसता उपचार. चला, उशीर होतोय. नोंग, निशाण रोव आणि घरी जा."

इस्योंगने टोपी सारखी केली. साहेब कुठेच नव्हते. 'साहेबांना विचारा' म्हणायची सोयच उरली नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. "मी इथेच थांबतो. बाईंनी त्यांचा व्हरांडा बारा वाजता बघावा."

रोमुआल्दो आपल्या बोलीत खेकसला, "म्हाताऱ्या, रोज बुडेल तुझा!"

"बुडू दे. माझ्या आधी व्हरांडा बुडणार आहे."

हानेकेला सगळं कळलं नाही, पण 'बुडणार' कळलं. तिने टेपचं मोकळं टोक उचललं, चपला काढल्या, तिसऱ्या निशाणापाशी गेली आणि म्हणाली, "मग मीही थांबते. नोंग, नीट ताणून धर!"

पाणी आलं. आधी घोट्याला गुदगुल्या, मग पोटऱ्या, मग गुडघे. बातमी गावात कशी गेली कोण जाणे, दहाला किनाऱ्यावर पंचवीस माणसं, अकराला सगळं गाव. ससोन होडी वल्हवत आला. "नोंग इस्योंग, तुमच्या बैठकीत होडी लावली तर चालेल?"

"चपला बाहेर काढ!" इस्योंग ओरडला.

सगळा किनारा खदखदून हसला. इस्योंगने विनोद केला होता! लुमेनने तर कपाळावर हात मारला. मग ती झगा वर धरून, डोक्यावर माडाच्या पात्यांत बांधलेला भात आणि तळलेली मासळी घेऊन पाण्यात शिरली.

"चाळीस वर्षं गप्प बसलास आणि बोललास तो कमरेएवढ्या पाण्यात! घरी काय अडचण होती?"

"घरी जागा कुठे मिळते बोलायला?"

"हे बघा!" लुमेन किनाऱ्याकडे वळून ओरडली. "आता हा थांबत नाही!"

बाराला पाणी छातीशी आलं. हानेके उंच म्हणून पोटाशी होती आणि हसून हसून तिला उचकी लागली होती. तिच्या व्हरांड्यावरून माशांची एक झुंड झगमगत गेली. तिने किनाऱ्याकडे तोंड करून बाजारात शिकलेली सगळ्यात कडक शिवी हासडली, उच्चारात एकही चूक न करता. गावाने टाळ्या वाजवल्या. रोमुआल्दो आपली मोटारसायकल शोधत होता.

बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांनीच इस्योंग बोलायला लागला. इतकी वर्षं साहेब मोठ्याने कागद वाचायचे आणि तो ऐकायचा. ते सगळं आता धडाधड बाहेर पडलं. "नांग हाने, समुद्र कुणी विकू शकत नाही. आणि परदेशी माणसाच्या नावावर इथे जमीनही होत नाही. भाचीच्या नावावर घेतलीत तर ती भाचीची. पण जमीन पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेता येते. कायद्याने. घर तुमचं, जमीन मालकाची."

सेपा पुढे आली. "म्हणजे विकायची नाही?"

"नाही."

"म्हणजे ही माझी भाडेकरूच राहणार?"

"पंचवीस वर्षं."

"मग आधी का नाही सांगितलंस, मेल्या!" सेपाने त्याच्या ओल्या पाठीत धपाटा घातला. हानेकेने बोटं मोजली. "म्हणजे मी शहाऐंशीची होईन!" आणि इतकी खूश झाली की जणू ती वर्षंही कागदावर लिहून मिळणार होती.

पंधरा दिवसांनी वाडीची खरी मोजणी झाली. साहेब आले. सेपाची सगळी भावंडं वारस म्हणून सह्या करायला आली. त्यांच्यासाठी डुक्कर भाजलं, गाण्यांचं यंत्र भाड्याने आणलं. साक्षीदाराच्या जागी हानेकेला इस्योंगचंच नाव हवं होतं. दियोनिसियो लाग्रामा हे आपलं पूर्ण नाव इतक्या अक्षरांचं आहे, हे लिहिताना त्याला नव्यानेच कळलं. मग त्याने माईक हातात घेतला आणि तीन गाणी म्हटली, तिन्ही बेसूर. लुमेन त्याला खाली ओढत होती, आणि ओढता ओढता त्याच्याबरोबर नाचायला लागली.