विश्रामरजा

विभागात मला तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'पेपरवाला'. दोन्ही बरोबर होतं. मी वृत्तपत्राच्या संपादकीय विभागातून विद्यापीठात शिकवायला आलो होतो. माझ्याकडे पीएच.डी. नव्हती. विभागप्रमुखांकडे होती आणि ती त्यांच्या दारावरच्या पाटीवर, लेटरहेडवर आणि चहाच्या कपाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावरही होती.

आमच्यातलं वैर त्याहून जुनं होतं. मी वार्ताहर असताना एका समारंभात त्यांचं तासभर भाषण झालं होतं. पानावर जागा नव्हती. मी ते दोन ओळींत छापलं. पुढे मी त्यांच्याच विभागात रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्या दोन ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या धरमपेठेत एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली होत्या. संपादक वारले होते. फायली वरच्या खोलीत होत्या आणि त्यांच्या पत्नी खाली एकट्या राहत. त्या साप्ताहिकाचा दुसरा पूर्ण संच माझ्या माहितीत कुठे नव्हता. विदर्भातल्या मराठी पत्रकारितेवर मला जे पुस्तक लिहायचं होतं, ते या फायलींवाचून लिहिता येणार नव्हतं.

बाईंच्या अटी स्पष्ट होत्या. फाईल घराबाहेर जाणार नाही. दिवेलागणीनंतर कोणी यायचं नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची भिलाईहून नागपूरला बदली व्हायची होती, तोपर्यंतच काय ते वाचायचं.

"मुलाला खोली लागेल, भाऊ," त्या म्हणाल्या. "सूनबाई म्हणते, एवढ्या कागदाला वाळवी लागते, लेकरांना खोकला होतो. तिचंही चूक नाही. तुम्ही तोवर लिहून घ्या. मी थांबवून ठेवते."

मी ग्रंथालयाला फायली घेण्याबद्दल विचारलं. जागा नाही, असं उत्तर आलं. ग्रंथालय समितीवर विभागप्रमुख होते. मग एकच मार्ग उरला. दिवसा तास असत, म्हणून दिवस मोकळा हवा होता. सलग सहा वर्षं शिकवलेल्या अध्यापकाला सातव्या वर्षी संशोधनासाठी पगारी रजा मिळते, असा नियम होता. नियम इंग्रजीत होता आणि त्यात 'सॅबॅटिकल' हा शब्द होता. अर्ज मात्र मराठीत करावा, असं परिपत्रक नुकतंच निघालं होतं.

वर्तमानपत्रात आम्हाला एक शिस्त होती. इंग्रजी शब्द आला की मराठी शोधायचा, सापडला नाही तर घडवायचा, पण इंग्रजी शब्द तसाच कंपोझला पाठवायचा नाही. सॅबॅटिकल या शब्दाचं मूळ यहुदी धर्मातल्या विश्रांतीच्या सातव्या दिवसात आहे. मी अर्जात 'विश्रामरजा' असं लिहिलं आणि तीन वाक्यांचा अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला.

त्यांच्या खोलीत कूलर चालू होता. त्यांनी अर्ज वाचला, उलटून मागचं कोरं पान पाहिलं आणि पुन्हा वाचला.

"हा अर्ज आहे की बातमी?" त्यांनी विचारलं. "पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळे. विनंती कुठे आहे?"

"शेवटच्या वाक्यात."

"जागा कमी पडली की तुमच्याकडे शेवटचं वाक्य कापतात ना?"

"कापतात."

"मग मीही कापतो," ते म्हणाले आणि अर्ज डावीकडच्या ढिगात ठेवला.

त्यांची मराठी शुद्ध होती. नागपुरात जन्म काढूनही त्यांच्या तोंडून नागपुरी शब्द निघत नसे. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने 'मले' म्हटलं की ते त्याला उभं करून 'मला' म्हणायला लावत. खेड्यातून आलेली मुलं त्यांच्या तासाला गप्प बसत. त्या गप्प बसण्याला ते शिस्त म्हणत.

अर्ज पुढे गेला तो त्यांचा शेरा घेऊन. शेरा असा होता : 'अर्जदाराची प्रकृती उत्तम आहे. विश्रामाची आवश्यकता दिसत नाही.'

आस्थापना विभागात रजांचं काम पाहणारे एक कारकून होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सर, तुमाले काय होऊन राहिलं?"

"काही नाही."

"मंग विश्राम काहून पाहिजे?"

मी शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला.

"असंन," ते म्हणाले. "पण नियमात विश्रामरजा नावाची रजाच नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे वैद्यकीय. डॉक्टरचा दाखला जोडा."

"तो शब्द खोडून सॅबॅटिकल लिहून देतो."

"खोडाखोड चालत नाही. नवा अर्ज द्या. अन् नवा अर्ज आता पुढच्या वर्षालेच लागंन."

"हे तुम्ही ठरवलं?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "मी कोण ठरवणारा? तुमचे साहेब रोज फोन करून राहिले. पण शब्द त तुमचाच आहे ना, सर? आमी थोडी लिहिला." मग ते शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "आमच्या लिस्टीत लिहून घे रे. सॅबॅटिकल म्हंजे विश्रामरजा. सरांनी सांगितलं आहे."

शेजारच्याने ते खरोखरच लिहून घेतलं.

विभागातल्या एका सहकाऱ्याने उपाय सुचवला. तो प्रताप नगरात राहत असे आणि त्याच्या गल्लीत एक डॉक्टर होते. "रक्तदाब लिहून देतात गा," तो म्हणाला. "एक कागद आण अन् वर्षभर मोकळा हो. एवढा काय विचार करून राहिला?"

मी दाखला घेतला नाही. यात तत्त्वाचा भाग थोडाच होता. विभागप्रमुख धरमपेठेतच, त्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत. आजारी म्हणून रजेवर असलेला माणूस रोज सकाळी त्यांच्या समोरून धडधाकट चालत गेला असता, तर खोट्या दाखल्याची चौकशी त्यांनी त्याच आठवड्यात लावली असती. दाखला मी आणावा, अशीच त्यांची इच्छा असावी. कारण दोनदा त्यांनी व्हरांड्यात मला थांबवून प्रकृती कशी आहे, असं विचारलं होतं.

मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेलो.

"नवा अर्ज द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी विचार करू."

"पुढच्या वर्षी फायली नसतील."

"मग रजा कशाला हवी?"

त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मी रविवारी जाऊ लागलो. कागद इतका ठिसूळ होता की पान उलटायला दोन्ही हात लागत, आणि दोन्ही हात पानाला लागले की लिहिणं थांबे. बाई वर येऊन दारात बसत. कधी त्या विचारत, "सुट्टीचं काय झालं?" मी म्हणे, "प्रयत्न चालू आहे." ते खोटं होतं. प्रयत्न संपला होता. उन्हाळा आला तेव्हा मी संचाच्या सुरुवातीच्याच भागात होतो.

मुलाचं सामान आलं, त्यानंतरच्या रविवारी मी गेलो. खोली धुतलेली होती. भिंतीवर फायलींच्या थप्प्या जिथपर्यंत पोचत, तिथपर्यंत चुना पांढरा राहिला होता.

"रद्दीवाल्याने ठेला भरून नेल्या," बाई म्हणाल्या. "मी फार थांबवलं, भाऊ. तुम्हीच म्हणत होता, सुट्टी मिळेल म्हणून."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मीही बसलो नाही.

पुढच्या वर्षी विभागप्रमुखांनी स्वतः रजा घेतली. त्यांना ग्रंथ लिहायचा होता. अर्ज इंग्रजीत होता, परिपत्रक असूनही, आणि तो लगेच मंजूर झाला. विभागाच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांना पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी मंजुरीचा आदेश माझ्याकडे पाठवला. वर लिहिलं होतं, 'प्रसिद्धीसाठी'.

मी आस्थापना विभागात जाऊन त्यांची शब्दसूची पाहिली. मग बातमी दोन ओळींत लिहिली. विभागप्रमुख वर्षभराच्या विश्रामरजेवर जात आहेत, ही पहिली ओळ. त्यांच्या अनुपस्थितीत कामकाज कोण पाहील, ही दुसरी. बातमी सगळीकडे जशीच्या तशी छापून आली. इतक्या छोट्या बातमीत कापायला काही नसतं.

लोक त्यांच्या घरी गेले. काही संत्री घेऊन गेले. त्यांचे एक निवृत्त सहकारी जरीपटक्याहून सायकल रिक्षाने आले आणि त्यांना उठून बसू देईनात. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी हृदयासाठी अर्जुनाच्या सालीचा काढा पाठवला. हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं, कारण त्यांनी मला बोलावून घेतलं.

"काहून लिहिलं असं?"

त्यांच्या तोंडून 'काहून' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं.

"सॅबॅटिकलला मराठी शब्द तोच आहे, सर," मी म्हणालो. "आस्थापनेच्या सूचीत आहे. आपण स्वतः त्यावर शेराही दिला होता."

"सगळं गाव मला प्रकृती विचारत आहे."

"दुरुस्ती छापता येईल."

"काय म्हणून छापाल?"

"विभागप्रमुखांची प्रकृती उत्तम आहे. विश्रामाची आवश्यकता दिसत नाही."

टेबलाच्या कडेला संत्र्यांची एक पिशवी होती. कोणीतरी ऑफिसातच आणून दिली असावी. त्यांनी ती उचलून खाली ठेवली आणि घंटी वाजवली.

दुरुस्ती त्यांनी मागितली नाही. कारकुनांच्या सांगण्यावरून मी नंतर दिलेला दुसरा अर्ज पुढच्या सत्रात, ते रजेवर असताना, मंजूर झाला. त्यात मी सॅबॅटिकल असंच लिहिलं होतं. मंजुरीचा आदेश मी परत केला. वर्षभर बसून वाचावं, असं धरमपेठेत काही उरलं नव्हतं.