अळणीचे चार चंबू

तानाबाईंना कुणी नुसतं 'शिपाई' म्हटलं की माझं डोकं सणकतं. कागदोपत्री त्या प्रयोगशाळा परिचर आहेत. गेली सव्वीस वर्षं आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात त्या काचा धुतायत, कांद्याच्या पापुद्र्याच्या स्लाइड करतायत आणि दाराशी स्टुलावर बसून माझी तीच ती लेक्चरं ऐकतायत. पहिल्या बाकावरच्या पोरी पेशीसिद्धांत परीक्षेपुरता घोकतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून जातात. तानाबाई नाही विसरत.

"मॅडम, त्या हूकनं बुचाची चकती बगितली, त्यात नुसती रिकामी घरं दिसली. व्हय की न्हाय? मग श्लायडेन झाडाचं बोलला, श्वान जनावराचं बोलला, आन् विरशो म्हनला, पेशी पेशीच्याच पोटची. आईबिगर पेशी न्हाय."

"बरोबर."

"मग पयल्या पेशीची आई कोन?"

हा प्रश्न दर जूनला ठरलेला आणि माझं चिडणंही ठरलेलं. मी सांगते, की बाई, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुणी म्हणतं समुद्राच्या तळाशी, कुणी म्हणतं उथळ डबक्यात. १९५३ साली काचेच्या भांड्यात वायू भरून ठिणग्या पाडल्या, तेव्हा प्रथिनांचे घटक तेवढे मिळाले, जीव काही मिळाला नाही. त्यावर तानाबाई समाधानानं मान हलवतात. "म्हंजी तुमालाबी म्हाईत न्हाय. ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे."

अशा या बाई गेल्या आखाडात एका सकाळी तोंड पाडून आल्या. मला आधी वाटलं, मायक्रोस्कोपची लेन्स फोडली.

भानगड घरातली होती. कसबा बावड्यात तानाबाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊ, आक्का, एकाच घरात राहतात. स्वयंपाकघरावर राज्य आक्कांचं. फेब्रुवारीत तानाबाईंच्या उदयसिंहचं लग्न झालं, मुरगूडची स्नेहल सून म्हणून आली. मेमध्ये तिनं हौसेनं कैरीचं लोणचं घातलं आणि जुलैत बरणी उघडली तर वर बोटभर पांढरी बुरशी! आक्कांनी सगळ्यांदेखत निकाल दिला, "बरनीला फडकं बांदलेलं. भायेरनं आत शिरायला वाट न्हाय. मग बुरशी आली कुठनं? शिवायचं नसतंय त्या चार दिसांत हिनं हात लावला, दुसरं काय!" आणि वर हुकूम सोडला, की यापुढं या पोरीनं लोणच्या-पापडाला शिवायचं नाही.

स्नेहलनं कपड्यांची पिशवी भरली. "मी जातो मुरगूडला. माझ्यामुळं न्हाय झालं, असं आक्का सोता म्हनल्या तरच ऱ्हातो." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, जातो-येतो, आणि बोलतात तसं करतातही. तानाबाईंनी कशीबशी आखाड संपेपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "मी येते आणि सांगते आक्कांना चार शब्द!"

"तुमच्या चार शब्दांनी त्या आनी चिडतील. मला पाश्चरचं भांडं पायजे, मॅडम. मान वाकडी असलेलं."

दीडशे वर्षांहून जुना वाद तो. नासलेल्या रश्शात जीव आपोआप उपजतात, असं म्हणणारे भले भले विद्वान होते. पाश्चरनं चंबूची मान वाकवली, आतलं पातळ उकळलं आणि ठेवून दिलं. हवा आत जाते, पण धूळ आणि तिच्यावरचे जंतू वाकणात अडकतात. पातळ नासत नाही. मी म्हटलं, त्यानं यीस्टचं साखरपाणी घेतलं होतं, आपणही तेच घेऊ. तानाबाई माझ्याकडं कीव आल्यासारख्या बघायला लागल्या. "साखरपान्यावर आक्का इस्वास ठेवनार? मटनाचा रस्साच पायजे. आन् आखाड संपायच्या आत. श्रावन लागला की घरात मटन शिजायचं न्हाय."

त्यांचा बेत असा होता: उघडा चंबू आक्कांनी भरायचा आणि वाकड्या मानेचा स्नेहलनं. आक्कांचा नासणार, स्नेहलचा राहणार.

"ही शुद्ध चीटिंग आहे, तानाबाई!"

"मॅडम, माजं घर हाय ते. तुमचं संशोधन न्हाय."

चांगलं अर्धा तास भांडलो. शेवटी माझं चाललं. चंबू चार घ्यायचे, दोघींनी प्रत्येकी एक उघडा आणि एक वाकडा भरायचा. वाकड्या मानेसाठी काचेच्या नळ्या मी स्वतः बर्नरवर वाकवल्या, दोन बोटं भाजून घेतली. स्नेहलला पाळी आली त्याच दिवशी त्यांनी घरी चंबू भरायला घेतले; लेक्चरांमुळं मला जाता आलं नाही, ते सगळं तानाबाईंनी नंतर सांगितलं. आक्का आंघोळ करून, धुवट नेसून आल्या आणि परीक्षेला बसल्यासारख्या दोन चंबू भरून गेल्या. स्नेहलनं दोन भरले. चारी उकळले, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि फडताळात ठेवले.

तिसऱ्या दिवशी बघायला गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. चारी चंबू दुधासारखे पांढरे! आम्ही घरचे शाकाहारी, मी आपलं 'मटणाचा रस्सा' एवढंच सांगितलं होतं. तानाबाईंनी खसखस वाटून, नारळाचं दूध घालून साग्रसंगीत पांढरा रस्सा केला होता. जो मुळातच गढूळ, तो आणखी गढूळ झालाय का, हे कोणता शास्त्रज्ञ सांगणार?

"अहो, हे काय केलंत?"

"तुमी बगायला येनार, आक्का समोर बसनार. चार मान्सांत अळनी कसं ठेवायचं, मॅडम? लाज न्हाय का वाटनार?"

आक्का चंबूकडं बघून म्हणाल्या, "झ्याक हाय की. वाटीत घाला." मी रागावणार होते, पण स्नेहल पोट धरून हसायला लागली आणि मग माझंही सगळं अवसान गळालं. नशीब, स्नेहलचा तिसराच दिवस होता. त्याच संध्याकाळी अळणी शिजलं. अळणी म्हणजे नुसतं मटण शिजवलेलं स्वच्छ पाणी, लहान पोरांना आणि आजाऱ्यांना देतात ते. चरबी काढली, चारदा गाळलं. दोघींनी चंबू पुन्हा भरले, पुन्हा उकळले. आखाडाचे पाच दिवस उरले होते आणि स्नेहलची पिशवी अजून दाराशीच होती.

पाचव्या दिवशी तानाबाईंनी फडताळ उघडलं आणि मी नाक धरलं. दोन उघडे चंबू गढूळ, वर साय, वास तर विचारू नका. वाकड्या मानेचे दोन स्वच्छ, कोऱ्या चहासारखे. आक्कांनी चष्मा लावला आणि चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. स्वच्छ असलेला एक स्नेहलचा. स्वच्छ असलेला दुसरा त्यांचा. नासलेला एक स्नेहलचा. आणि सगळ्यांत जास्त घाण मारत होता तो त्यांचा स्वतःचा, धुवट नेसून भरलेला.

"ह्यो मी भरलेला?"

"व्हय, आक्का," तानाबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या हाताचा दोष न्हाय. हवेतनंच पडतंय ते. उघड्या तोंडातनं जातंय, ओल्या चमच्यातनं जातंय. फडक्यातनंबी जातंय."

आक्का खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, पिशवी आत ने. तुज्यामुळं न्हवतं झालं." स्नेहलनं पिशवी उचलली आणि ती आत गेली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण आक्का तानाबाईंकडं बघत होत्या.

"तानी, मग तुजी बी न्हवती की गं चूक. ती बरनी."

मला काही कळेना. सव्वीस वर्षांची आमची ओळख, रोज सहा तास या बाईची बडबड ऐकलेली. त्यात हे एकदाही आलं नव्हतं, की लग्नाच्या पहिल्याच वर्षी तानाबाईंची बरणी अशीच नासली होती आणि आक्कांनी हाच निकाल दिला होता. त्याला अडतीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी त्या घरात लोणच्याला हात लावलेला नव्हता.

तानाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "उद्या लिंबं आनतो," आक्का म्हणाल्या. "लोनचं तू घालायचंस. बाकी कुनी न्हाय."

"मला कुटं येतंय, आक्का? कवा घालूच दिलं न्हाईसा."

आतून स्नेहल ओरडली, "त्यात काय, आत्या! मी शिकवतो की."

सासूला ती आत्या म्हणते. दुसऱ्या दिवशी मीही मुद्दाम गेले, रजा टाकून. परातीत लिंबं चिरून ठेवलेली, आक्का उंबऱ्यात बसलेल्या, आणि पेशीचा सगळा इतिहास मला उलटा शिकवू शकणारी ती अठ्ठावन्न वर्षांची बाई सुनेला विचारत होती, "मीठ आदी घालायचं, का तिखट?"