वैद्यबाईंचं इफिसस

वैद्यबाई कचऱ्याच्या डब्यांसमोर थांबून म्हणायच्या, "धोत्रेभाऊ, हे ग्रंथालय. मान वर करून बघा, दोन मजली आहे." मी मान वर करायचो. वर अमेरिकेतल्या रेडमंडचं भरलेलं आभाळ.

बाई नागपूरच्या, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. इथं लेकीकडे राहायच्या. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे. मी चौथी शिकलेला पाथरवट, पण बाईंनी मला कधी अडाणी धरलं नाही. रोज फिरताना त्यांच्या हातात इफिससचा नकाशा असे. तुर्कस्तानातलं ग्रीकांचं, मग रोमनांचं शहर. आता नुसते दगड उरलेत. आमच्या कॉम्प्लेक्सच्या उतारावर त्यांनी ते मांडलं होतं: क्लबहाउस म्हणजे वरची वेस, स्विमिंग पूल म्हणजे नाट्यगृह, खाली टपालपेट्यांपाशी बंदर.

"नदीच्या गाळानं बंदर बुजलं, भाऊ. समुद्र लांब गेला, मागोमाग व्यापारी गेले. शहर एका दिवसात मरत नसतं."

हे सांगताना बाई छातीवर हात ठेवायच्या, आणि माझं लक्ष इतिहासातून उडायचं. हिवाळ्यातच त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता.

२००६च्या उन्हाळ्यात भारतात परतताना वाटेत त्यांना इफिसस बघायचं होतं, तेही एकटीनं. लेक रडली. जावई निखिलनं अट घातली, "आई, हा उतार उतरून परत वर या, कुठेही न बसता. मग तिकीट बुक करतो. काका बघतील. काका खोटं बोलत नाहीत."

तसा माझा लौकिक होता, आणि मला त्याचा गर्व होता.

मला त्यांच्या छातीइतकीच इफिससच्या फरशीची भीती. "बाई, इतक्या पायांनी घासलेला संगमरवर साबणासारखा होतो. दगड मी घडवलाय, मला विचारा."

"तुम्ही घडवलात, मी वाचलाय. चला पुढे."

परीक्षेच्या दिवशी त्या नीट उतरल्या. चढताना पूलपाशी ओठ पांढरे पडले आणि त्या कठड्यावर बसल्या. मी पाणी दिलं. "नाट्यगृहात सगळे बसतातच," त्या हसल्या. पाच मिनिटांनी उठल्या, वर आल्या, आणि थेट घरात गेल्या.

निखिल दारातच होता. "काय काका?"

"बसल्या नाहीत," मी म्हणालो.

तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून जाणं टाळलं. बाई निघाल्या त्या दिवशी ताप आलाय सांगून घरात पडून राहिलो. मग फोन वाजला की दचकून उठायचो. बाई तिकडे कोसळल्या तर त्यांना मीच ढकललं म्हणायचं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. "धोत्रेभाऊ, दगड खरंच साबण आहे हो!"

"किती वेळा बसलात?"

"चार. आणि ऐका, तुम्ही मला मार्क वाढवून दिलेत ते आवडलं नाही. मी त्याच संध्याकाळी निखिलला खरं सांगितलं होतं."

"मग त्यानं तिकीट कसं काढलं?"

"दोन काढली. हा काय, शेजारी बसलाय. देते."

मी नको म्हणेपर्यंत आवाज आला, "हॅलो, काका? ताप उतरला का?"

बाई तिथूनच नागपूरला गेल्या आणि पुढच्या वर्षी वारल्या. त्यांचा निरोप घ्यायचा राहिला, तो माझ्याच पायी.