आगरहून उज्जैनला, बाळाला मांडीवर घेऊन

आगरला जायचं ठरलं ते माझ्या धाकट्या नणंदेसाठी, कुसुमसाठी. मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश नुकताच झाला होता. तिचे यजमान भोपाळच्या नव्या कचेरीत रुजू झाले होते आणि आगरच्या घरी ती, तिच्या सासूबाई आणि आठ महिन्यांचं बाळ एवढेच. थोडे दिवस सोबतीला या, असा तिचा निरोप आला. ह्यांना शाळेतून सुट्टी मिळेना, म्हणून थंडीतल्या एका सकाळी मी एकटीच उज्जैनच्या आमच्या माधव नगरहून टांग्यानं स्टेशनावर गेले.

तेव्हा उज्जैन ते आगर छोटी गाडी होती. आता ती नाही, तुम्ही बसनंच जाल. आमची गाडी इतकी निवांत चालायची की हरभऱ्याची शेतं डोळे भरून पाहून व्हायची. घरच्या दशम्या होत्याच, वर वाटेत गरम कचोरी घेतली. दुसऱ्या दिवशी आगरजवळच्या बैजनाथ महादेवाला जायचा बेत होता. तो राहिलाच.

मी पोचले तेव्हाच बाळाला सर्दी-ताप होता. सकाळी पाहिलं तर ते कण्हत होतं, अंगावर प्यायला घेतलं की लगेच तोंड बाजूला करत होतं. मी त्याचं झबलं वर केलं. श्वास भराभर चालला होता, नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. माझा धाकटा भाऊ असाच गेला. तो खळगा मी ओळखत होते.

शेजारीण म्हणाली, "पसली चल रही है. डाम लगवा दो, उतर जाएगी."

पसली म्हणजे बरगडी; ती अशी उडायला लागली की डाग द्यायचा, हा तिकडचा उपाय. कुसुमच्या सासूबाईंनी डाग देणाऱ्याला बोलावणंही धाडलं होतं. गावातले डॉक्टर दौऱ्यावर होते. तापलेली सळई बाळाला लावू देणार नाही, त्याला उज्जैनला न्यायचं, असं मी सांगितलं. भोपाळला मुलाला विचारल्याशिवाय नातू गावाबाहेर जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. बाई कठोर नव्हत्या. त्यांच्या चार मुलांपैकी दोनच जगली होती आणि त्यांना एवढाच उपाय ठाऊक होता.

"काकू, भोपाळहून उत्तर येईपर्यंत हा थांबणार नाही," मी म्हटलं. "दुपारच्या गाडीनं मी ह्याला नेते. रागवायचं ते नंतर रागवा."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. कुसुमनं दुपटी पिशवीत भरायला घेतली.

परतीची तीच गाडी आता सरकेना. बाळाला छातीशी उभं धरलं, घट्ट गुंडाळलं नाही, कुसुम थेंब थेंब दूध पाजत राहिली. इंजिनाचा धूर आत येऊ लागला, तेव्हा समोरची एक शेतकरीण आपली जागा सोडून उठली. "बेनजी, इधर बैठो, इधर धुआँ नहीं आता." तराणा गावाच्या बाजूची होती. उतरेपर्यंत ती उभीच राहिली.

उज्जैनला टांगा थेट सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी छाती ऐकली, न्यूमोनिया आहे म्हणाले, ऑक्सिजन लावला आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. बाळाचे ओठ निळसर व्हायला लागले होते. कुसुम माझा हात सोडायला तयार नव्हती. दोन दिवसांनी ते भुकेनं रडलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

बाळ आमच्या घरी आल्यावर सासूबाई आगरहून आल्या. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. चहा झाला. मग त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

"कुठं बघायचं असतं, ते मला दाखव."

मी दाखवलं. बरीच वर्षं त्यांच्या गल्लीत पोर आजारी पडलं की त्या आधी अंगरखा वर करायच्या, आणि श्वास भराभर दिसला, खळगा दिसला किंवा पोर पीत नसलं की आईला गाडीत बसवून द्यायच्या. उत्तराची वाट न बघता.

बैजनाथाचं दर्शन मी अजून घेतलेलं नाही. तुम्ही जाल तेव्हा घ्या.