अक्कानं नाव घेतल्याशिवाय

"पोरगं माझं न्हाय, तुमचं न्हाय, क्लबचं हाय, मॅडम. उद्या ते माझ्या बाकावर बसणार. विषय संपला."

"तुमचा संपला असंल सर. माझा आत्ता सुरू झाला की."

"अवो, लोकं हात जोडून येतात माझ्याकडं, आमच्या पोराला वर घ्या म्हणून. मी आपणहून घेतोय तर तुमी आडव्या पडताय?"

"वर घेताय कुठं? नड हाय म्हणून वापरताय. घेणं येगळं, वापरणं येगळं."

भीमाकाठ फुटबॉल क्लबच्या सामानाच्या खोलीत, जाळीत कोंबलेल्या चेंडूंच्या अलीकडं-पलीकडं दोघं उभे होते. हिंदुराव मुख्य संघाचे कोच. दाक्षायणी बिराजदार ज्युनिअर संघाची. दोघांचे गळे मैदानावर तयार झालेले. बाहेर नळावर बूट धुणाऱ्या पोरांना कान टवकारायचीही गरज पडत नव्हती.

भांडण होतं श्रीशैल कलशेट्टीवरून. सतरा वर्षांचा, डाव्या पायाचा, बोलायला लाजाळू आणि चेंडू पायात आला की बेशरम. मुख्य संघाच्या डाव्या बाजूला खेळणाऱ्या पृथ्वीराजचा घोटा सुजला होता आणि उद्या कोल्हापूरच्या संघाशी सामना होता. मोसमाच्या पहिल्या टप्प्यातला तो शेवटचा सामना; हरले किंवा बरोबरीत सुटले, तर पुढच्या रविवारी सुरू होणाऱ्या दुसऱ्या टप्प्यात भीमाकाठ राज्य लीगच्या वरच्या गटातून खाली घसरणार होता. म्हणजे हिंदुरावांची खुर्चीही घसरणार, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"नियम ठाऊक हाय ना तुमाला?" दाक्षायणी म्हणाली. "एकदा वरच्या संघाकडून पाय मैदानात पडला, की त्या मोसमात पोराला ज्युनिअरमध्ये परत खेळता येत नाही. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा हाय. मोठ्या क्लबांची माणसं बघायला येणार. तुमी उद्या त्याला दहा मिनिटं पळवणार आणि वर्षभर बाकावर वाळत घालणार. बिरप्पाचं केलं तसं."

"बिरप्पाला मदी आणू नका."

"का? बरा खेळत होता की. तुमच्या बाकावर बसून बसून त्याचे पाय बसले. आता मोहोळला टेम्पो चालवतोय."

हिंदुरावांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"सिद्धाराम का? हिंदुराव बोलतोय. उद्या श्रीशैलला वरच्या टीममध्ये बसवावं म्हणतोय. तुमची काय हरकत?"

पलीकडून श्रीशैलच्या बापाचा आवाज फुटला, "हरकत? सर, काय बोलताव तुमी! अगं ए चंद्रव्वा, हिकडं ये! सर, न्या की! विचारायचं काय त्यात?"

हिंदुरावांनी फोन बंद केला आणि भुवया वर केल्या. दाक्षायणीनं पायाजवळचा चेंडू उचलला, उगाचच दाबून बघितला आणि पुन्हा जाळीत टाकला. बापानं हो म्हटल्यावर कोचनं काय बोलायचं?

बाहेर श्रीशैल एकच बूट केव्हाचा घासत बसला होता.

"अक्का, मी जाऊ?"

"जायचंय तुला?"

त्यानं मान खाली घातली. पण कान लाल झाले होते. ते लाल कान बघून तिला नको म्हणवेना.

"जा, तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली.

ही दाक्षायणी वळसंगची. ज्वारी काढल्यावर मोकळ्या झालेल्या रानात, धसकटं टोचत असताना, भावांच्या बरोबरीनं चेंडूमागं पळालेली. पुढं विद्यापीठाकडून खेळली. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा शाळेत पी.टी.ची नोकरी धरली, आणि संध्याकाळी क्लबची पोरं. लग्न राहून गेलं. तिची आई काशम्मा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमची दाक्षा लेकुरवाळी हाय. वीस पोरं. एकबी घरी जेवायला येत न्हाय, एवढंच."

सोलापुरातल्या कोचमध्ये बाई एकच, त्यामुळं तिच्या मैदानावर पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला वाटे, की आपणही थोडं कोच आहोत. मामा, काका, चहावाला, गल्लीतले दादा, सगळे रेषेबाहेरून ओरडायचे. एकदा असंच कुणाच्या तरी चुलत्यानं "उतर रे!" म्हणून आरोळी ठोकली आणि अंगात ताप असलेलं पोरगं तिला न विचारता मैदानात गेलं. मधोमध कोसळलं. त्याला दवाखान्यात नेताना दाक्षायणीनं कायदा केला: कुणीही ओरडू दे, देव खाली येऊन ओरडू दे, अक्कानं पूर्ण नाव घेतल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. पोराचं, आईचं, बापाचं, आडनाव. पोरं सुरुवातीला हसली. नंतर ते त्यांच्या अंगात इतकं भिनलं, की तिनं आईचं नाव गाळलं तरी पोरगं उठता उठता पुन्हा बसायचं.

नळावर उभं राहून "जा" म्हणताना तिला यातलं काहीच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं तिरपी झाली तरी लोखंडी कठडा हाताला चटके देत होता. दाक्षायणी प्रेक्षकांत, पहिल्या पायरीवर बसली होती. मुख्य संघाच्या बाकाशी तिला जागा नव्हती. एक-एक. शेवटचा पाव तास उरला होता. सुजलेल्या घोट्यावर पट्टी आवळून पृथ्वीराज एवढा वेळ कसाबसा पळाला, आणि एका धक्क्यात खाली बसला तो उठलाच नाही. दोघांनी खांद्यावर घालून त्याला बाहेर आणलं.

"श्रीशैल, चल!" हिंदुराव ओरडले.

श्रीशैल उठला नाही.

जॅकेट काढलेलं, नाड्या बांधलेल्या, नडग्यांवरच्या पट्ट्या सरळ केलेल्या. सगळं तयार. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो मान वळवून प्रेक्षकांकडं बघत होता.

"अरे ए, तुला बोलतोय! ऊठ!"

"अक्कानं नाव घेतलं न्हाय सर."

"आँ?"

मैदानात दहाच जण पळत होते. कोल्हापूरवाल्यांनी ते ओळखलं आणि सगळा खेळ डाव्या बाजूला लोटला. प्रेक्षकांत आधी कुजबुज, मग हसू.

"काय रे, झोप लागली का पोराला?"

"आई आल्याबिगर शाळेत जायचं न्हाय म्हणतंय!"

"डबा दिला न्हाय वाटतं!"

 दाक्षायणीनं लावलेली शिस्त, आणि हसू कुणाचं होतंय? त्या पोराचं. भर मैदानात. ती उठून कठड्याशी आली तोवर हिंदुराव धावत तिच्यासमोर येऊन थडकले होते. घाम हनुवटीवरून गळत होता.

"मॅडम, घ्या त्याचं नाव!"

तिचं तोंड उघडलं होतं. श्रीशैलचा "श्री" जिभेवर होता. आणि तिथंच ती थांबली.

"पुढच्या रविवारी अकरात घेणार?"

"आत्ता? हे आत्ता बोलायचं?"

"आत्ताच. माझ्या तोंडून नाव गेलं, की त्याचं खालचं दार बंद झालं. मग वरचं उघडं पाहिजे की नको?"

"अवो, दहा जण खेळताहेत तिकडं!"

"मग लवकर बोला."

मागं गलका उठला. कोल्हापूरच्या गड्याचा फटका खांबाला घासून गेला होता. हिंदुरावांनी मागं वळून बघितलं, कठडा दोन्ही हातांनी धरला, चटका बसला तसा सोडला.

"दिला! दिला शब्द! पहिल्या शिट्टीपासून, अख्खा मोसम. आता तरी तोंड उघडा, बाई!"

एवढ्या सहज मिळालेला शब्द तिला आवडला नाही. घाबरलेल्या माणसाकडून काढून घेतलेला शब्द कितपत टिकतो, हे न कळण्याइतकी ती कोवळी नव्हती. पण पलीकडं श्रीशैल तसाच बसला होता, हसणाऱ्या गर्दीकडं न बघता फक्त तिच्याकडं बघत. आता गप्प राहिली असती, तर पोरगं जन्मभर लोकांच्या तोंडी "बसलेलं पोरगं" म्हणून राहिलं असतं.

तिनं श्वास घेतला.

"श्रीशैल चंद्रव्वा सिद्धाराम कलशेट्टी!"

 श्रीशैल उठला तो पळतच.

पहिला चेंडू त्यानं घालवला. दुसरा पायाखालून गेला. "बसव परत!" कुणीतरी ओरडलं.  मग तिसरा चेंडू आला आणि तो लाजाळू पोरगा बेशरम झाला. समोरच्याला त्यानं आत जायचं दाखवलं, स्वतः रेषेवरून निसटला आणि मान वर न करता चेंडू गोलासमोर उचलला. डोकं लावायला दोघं होते. कुणाचं लागलं ते त्या दोघांनाही कळलं नसेल. दोन-एक. पुढची मिनिटं कुणी बसून बघितली नाहीत.

शिट्टी झाल्यावर ती ड्रेसिंग रूमच्या दारात आली. आत पाण्याच्या बाटल्या उडत होत्या, कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला होता. श्रीशैल कोपऱ्यात ओल्या शर्टात उभा होता आणि मोठी माणसं येता-जाता त्याच्या डोक्यावर टपली मारत होती. "काय रे, चंद्रव्वाच्या! आता तरी बस की!" तो हसत होता.

पृथ्वीराज बाकावर, पाय बर्फाच्या बादलीत. तो संघाचा कप्तान, डाव्या बाजूची जागा त्याचीच, आणि हिंदुरावांच्याच गावचा. त्यांनीच त्याला हाताला धरून आणलेला.

"मोडलं-बिडलं काय न्हाय, सर," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणले, चार दिवस आराम. रविवारी मी हाय. काळजी करू नका."

"तू हायस म्हटल्यावर कसली काळजी?" हिंदुरावांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना दारातली दाक्षायणी दिसली.

"सर," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी बाटल्या उडायच्या थांबल्या. "रविवारी श्रीशैल अकरात हाय. पहिल्या शिट्टीपासून. शब्द दिलाय तुमी."

पृथ्वीराजनं बादलीतला पाय हलवला. बर्फ खळखळला.

"हे काय सर?" त्यानं विचारलं.

श्रीशैलचं हसू अर्ध्यावर राहिलं. तो आधी कप्तानाकडं, मग अक्काकडं, मग हिंदुरावांकडं बघू लागला.

"सांगा की सर," दाक्षायणी म्हणाली. "सगळी हायत हितं. सांगून टाका."

हिंदुरावांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. टेबलावरच्या गाडीच्या किल्ल्या घेतल्या. दारात ती उभी होती, बाजूला सरली नाही. ते अंग चोरून तिच्या खांद्याजवळून निघाले आणि कुणाकडंही न बघता बाहेरच्या गर्दीत चालते झाले.